घरातल्या मोडी खातेवह्यांवर काम करायचंय: हे अर्थशास्त्र, इतिहास की भाषा?

सुलभा_टंकन

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या लेकीचा आहे, पण तो नीट मांडायचा तर मला जरा मागून सुरुवात करावी लागेल. सांभाळून घ्या.

मी पुण्यात प्रबंधांचं टंकन आणि बांधणी करते. एकवीस वर्षं झाली. काळं नाहीतर मरून रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, पाच प्रती. आधी श्रीलिपीत करायचे, आता सगळं युनिकोडमध्ये. रसायन, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, संस्कृत, इतिहास असे सगळे विषय हाताखालून गेले. आतलं सगळं कळतं असं नाही, पण प्रबंध हातात घेतला की तो कुठल्या विभागातला ते न वाचता सांगता येतं. रसायनाचा दीड-दोनशे पानांचा, आलेख आणि आकृत्या, शेवटी छापून आलेले पेपर जोडलेले. ही मंडळी फाइल स्वतःच करून आणतात, आमच्याकडे फक्त समास बघायचे आणि बांधायचं. मराठीचा नाहीतर इतिहासाचा चारशेच्या पुढे, तळटीपांनी पान निम्मं भरलेलं. अर्थशास्त्राचा या दोहोंच्या मधला, पण आडव्या पानांवरची कोष्टकं आणि परिशिष्टात प्रश्नावली.

या एकवीस वर्षांत तीनदा मी माझ्या मनाने प्रबंधात दुरुस्ती केली. चांगल्या हेतूनेच केली होती. तिन्ही वेळा ती मागे घ्यावी लागली, आणि संशोधन म्हणजे काय हे मला जे थोडंफार कळलंय ते त्या तीन प्रसंगांतून.

पहिला प्रसंग एका बाईंचा. त्या एका जुन्या मराठी पोथीची पाठचिकित्सा करत होत्या. पाच हस्तलिखितं, त्यांना क, ख, ग, घ, च अशी नावं दिलेली. मूळ ओवी वर आणि खाली तळटीपेत कुठल्या पोथीत काय वेगळं लिहिलंय ते. एका ठिकाणी मूळ ओवीत 'आइकौनि' होतं आणि तळटीपेत ख आणि घ यांच्यापुढे 'आकौनि'. मला वाटलं, बाईंच्या हस्तलिखितात 'इ' सुटला. मी तो घातला. दुसऱ्या दिवशी त्या मुद्रितं तपासायला बसल्या. ओळीखाली पट्टी धरून एकेक अक्षर वाचायच्या. तिथे आल्या आणि थांबल्या. मला म्हणाल्या, "ताई, ही चूक माझी नाही आणि तुमचीही नाही. ही पोथी उतरवून घेणाऱ्याची आहे, आणि मला तीच हवी आहे." मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बरोबर शब्द पाचही पोथ्यांत सारखाच असणार, त्यावरून पोथ्यांचं आपसातलं नातं कळत नाही. पण दोन पोथ्यांत एकाच जागी एकच अक्षर सुटलेलं असेल, आणि असं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर त्या दोघी एकाच तिसरीवरून उतरवल्यात, नाहीतर एक दुसरीवरून. मी 'इ' घातला तेव्हा त्यांचा पुरावाच पुसला होता. त्या रात्री मी सगळ्या साडेतीनशे पानांच्या तळटीपा मूळ कागदांशी पुन्हा ताडून पाहिल्या.

दुसरा प्रसंग अर्थशास्त्राच्या एका मुलीचा. कोष्टकातल्या रिकाम्या चौकटी मला बऱ्या दिसेनात, म्हणून मी तिथे शून्य घातलं. ती रडकुंडीलाच आली. शून्य म्हणजे त्या घराला विचारलं आणि त्यांनी 'काही नाही' असं सांगितलं. रिकामं म्हणजे सांगितलंच नाही, किंवा त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. सगळीकडे शून्य पडलं की सरासरीच खाली येते. तिसरा प्रसंग भौतिकशास्त्राचा, तो अगदी लहान. '२.५०' मधलं शेवटचं शून्य मी काढलं होतं. ते शून्य उपकरण किती बारीक मोजतं ते सांगत होतं.

आता लेकीचं. ती बीए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या आजेसासऱ्यांचं वाईजवळच्या एका गावात किराणा-भुसाराचं दुकान होतं. मागच्या मे महिन्यात माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्या अकरा वह्या निघाल्या. लाल खारव्याची बांधणी, वाळवीने कडा खाल्लेल्या, पण आतलं पान शाबूत. काही कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या), काही खतावण्या (माणसागणिक खात्यांच्या). शके १८४९ ते १८५९. बहुतेक सगळं मोडीत. पोरीने तीन महिने मोडीचा वर्ग केला आणि आता ती गूळ, मीठ, घासलेट, सुपारी एवढं अडखळत वाचते. तिला यावरच पुढे काम करायचं आहे.

घरात यावरून दोन मतं आहेत. माझा धाकटा भाऊ औषध कंपनीत केमिस्ट आहे, त्याचं म्हणणं की प्रयोगशाळा नाही तिथे संशोधन नाही, बाकी सगळं वाचन. तिच्या सरांपैकी एक म्हणाले हे इतिहासात जाईल, दुसरे म्हणाले आधी मोडीचं भाषिक काम होऊ दे.

नोकरीचा सल्ला मी इथे मागत नाही, त्याचं आम्ही बघू. मला विचारायचंय ते असं: अशा वह्यांवर काम करायचं तर कुठल्या शाखेची शिस्त लागते? आणि तुमच्यापैकी जे वेगवेगळ्या विषयांत आहेत, ते रोज बसून नेमकं काय करतात? कृपया सोप्या मराठीत सांगा, ती शेजारी बसून वाचणार आहे.

वाईकर_मास्तर

सुलभाताई, शके १८४९ ते १८५९ म्हणजे इसवी सन १९२७ ते १९३८. हे आकडे वाचून मला राहवेना, म्हणून रात्रीच लिहायला बसलो. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, त्याआधी तरुणपणी खेड्यांच्या पाहण्यांत घरोघरी प्रश्नावली घेऊन हिंडलोय.

ही दहा वर्षं साधी नाहीत. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि दोन-तीन वर्षांत आपल्याकडे शेतमालाचे भाव कोसळले. पण कर्जाचा आकडा आणि सारा रुपयांत ठरलेला, तो होता तिथेच राहिला. म्हणजे ज्याने १९२८ साली शंभर रुपये उचलले, त्याला ते फेडायला आता कितीतरी जास्त ज्वारी विकावी लागली. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याचं परिमाण, म्हणजे चलन ठरलेल्या भावाने सोन्याशी बांधून ठेवणं, सोडलं, सोन्याचा भाव चढला आणि खेड्यापाड्यांतून घरातलं सोनं बाहेर पडून बोटींनी परदेशी गेलं. हे सगळं आम्ही पुस्तकात देशाच्या आकड्यांत शिकतो. तुमच्या घरात ते एका दुकानाच्या पातळीवर, रोजच्या रोज, नावानिशी लिहिलेलं आहे. उधारी कधी वाढली, रोखीचं गिऱ्हाईक कधी कमी झालं, डागिने गहाण कधी पडायला लागले, हे त्यात दिसू शकेल.

त्यात वाई! पुण्यात १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली, ती १९४० साली छापून आली. म्हणजे त्याच तालुक्यातली, जवळपास त्याच काळातली शेतकऱ्याच्या बाजूची माहिती तुमच्या लेकीला मिळू शकते. दुकानदाराची बाजू तुमच्या ट्रंकेत आहे.

तुमच्या बंधूंना एक गोष्ट जरूर सांगा. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, शेतीरसायनातले. त्यांनी पिंपळे सौदागर या गावचा अभ्यास करून १९१७ साली प्रसिद्ध केला. हो, आज जिथे आयटीवाल्यांचे मनोरे आहेत तेच. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखवलं की १७७१ साली तिथे खातेदारामागे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. पुढे १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचा अभ्यास आला. शेतीरसायनातला माणूस गावातल्या जमिनीचा आणि कर्जाचा अभ्यास करू लागला.

आता आम्ही रोज काय करतो ते. अर्थशास्त्रातलं निम्मं आयुष्य 'प्रश्न कसा विचारला' यात जातं. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत घरच्या खाण्यापिण्याचा खर्च गेल्या ३० दिवसांचाही विचारला आणि ७ दिवसांचाही, त्याच घरात, एकाच बैठकीत. त्यातून देशातली गरिबी सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं निघालं. मग कित्येक वर्षं मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ याच गोष्टीवर भांडत होते की गरिबी खरंच एवढी उतरली, का सात दिवसांचं उत्तर सांगून झाल्यावर माणसाने तीस दिवसांचं उत्तर त्याला जुळवून घेतलं. कोट्यवधी माणसं गरीब धरायची की नाही हे त्या एका रकान्यावर अडलं होतं.

तुमच्या वह्यांत कोणी प्रश्न विचारलेला नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण लिहिणारा एकटा दुकानदार आहे, गिऱ्हाईकाची बाजू त्यात नाही, हे सतत ध्यानात ठेवावं लागेल. आणि एक विनंती: उधारी असलेल्यांची नातवंडं आज त्याच गावात राहत असतील. नावं जशीच्या तशी बाहेर जाऊ देऊ नका. सुरुवातीलाच प्रत्येक खात्याला क्रमांक द्या.

खोडदचा_तंत्रज्ञ

ताई, मी नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर बरीच वर्षं काम केलं. शास्त्रज्ञ नाही, अँटेना विभागात होतो. तरी 'रोज काय करता' याचं उत्तर देऊ शकतो.

तिथे ३० डिश आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. चौदा मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, टोकापासून टोकापर्यंत साधारण २५ किलोमीटर. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप सरांची कल्पना अशी की डिशला भरीव पत्रा लावायचाच नाही. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी दोरखंडांवर ताणून बसवायची. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका करता आला आणि खर्च आटोक्यात राहिला. लांब रेडिओ लहरींना ती जाळी आरशासारखीच.

आकाशातून येतो तो संदेश इतका क्षीण असतो की शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी त्याला झाकून टाकते. आमचा कितीतरी वेळ आकाशाकडे बघण्यात नाही, तर हा आवाज कुठून आला ते शोधण्यात जायचा. विजेची तार, कुणाचं वेल्डिंग, मोबाइल टॉवर, कधी आमचंच एखादं उपकरण. एकदा तीन रात्री एकाच वेळी एकच खरखर येत होती. आम्ही हातात छोटी अँटेना घेऊन बांधाबांधाने चालत गेलो आणि ती एका पंपाच्या पेटीत सापडली. शेतकऱ्याने आम्हाला चहा पाजला आणि आम्ही त्याची पेटी दुरुस्त करून दिली.

पण तुमच्या लेकीला उपयोगी पडेल अशी गोष्ट दुसरीच आहे. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्याकडे डिश वळवण्याआधी आणि मधूनमधून आम्ही ती आकाशातल्या एखाद्या ओळखीच्या रेडिओ स्रोताकडे वळवतो. ३सी ४८, ३सी २८६ अशी त्यांची नावं. त्यांची तीव्रता आधीच पक्की माहीत आहे. तिथे आपलं यंत्र काय दाखवतं ते पाहायचं, म्हणजे आज यंत्र किती खोटं बोलतंय ते कळतं. मग अनोळखी वस्तूचं माप त्या हिशेबाने सुधारून घ्यायचं.

तुमच्या वह्यांत ज्वारी पायलीने, मणाने लिहिलेली असणार. पण कुठली पायली? आमच्याकडे जुनी माणसं कुणी बारा पायल्यांचा मण सांगतात, कुणी सोळाचा. दहा मैलांवर माप बदलायचं. त्या दुकानाची पायली घरात आहे का अजून? असेल तर ती तुमचा ३सी ४८. आधी तिचं वजन-माप करा, मगच भाव काढा.

सुलभा_टंकन

मास्तर, दादा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. भावाला पिंपळे सौदागरचं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मानसाहेबांचं ते पुस्तक कुठे मिळेल ते बघतो.

पायली आहे! गावी देवघराच्या फडताळात होती, लोखंडी, बुडाला सरकारी शिक्का. रविवारी जाऊन आणली. लेकीने आणि भावाने मिळून स्वयंपाकघरात मोजमाप केलं. भावाने कंपनीतल्यासारखी शिस्तच लावली: दर वेळी पायली रिकामी करून झटकायची, ज्वारी एकाच उंचीवरून सोडायची, हलवायची नाही, आणि आकडा ज्याने भरलं त्याने वाचायचा नाही, दुसऱ्याने वाचायचा. पाच वेळा काठोकाठ, पट्टी फिरवून सपाट करून. पाचही आकड्यांत चमचाभराचाच फरक आला.

मग सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, सपाट कोण द्यायचं? माप शीग लावून द्यायचे." म्हणून पुन्हा पाच वेळा शिगोशीग भरून मोजलं. दर वेळी साधारण दहावा हिस्सा जास्त भरली, आणि आकडे आधीच्यापेक्षा जास्त हलत होते, कारण शीग प्रत्येकाच्या हाताची वेगळी. सासूबाईंची सगळ्यात उंच.

हे बघता बघता लेक एकदम उठली आणि तिने तिसरी खतावणी काढली. काही नोंदींच्या पुढे एकच अक्षर आहे, 'शि'. तिने ते आजवर 'शिल्लक' असं धरून वहीत उतरवलं होतं. आता तिला वाटतंय की ते 'शीग' असेल. शीग लावून दिलं असेल तर तोच भाव प्रत्यक्षात सुमारे नऊ टक्क्यांनी स्वस्त पडतो, आणि ते काही गिऱ्हाइकांनाच का, हा प्रश्न उभा राहतो. पण मोडीवरून ठरवायचं कसं?

पाठभेद

ताई, तुमचा 'आइकौनि'चा प्रसंग वाचून तुमच्याबद्दल फार आदर वाटला. सगळ्या तळटीपा पुन्हा ताडून पाहणं हे टंकनाच्या मोबदल्यात येत नाही.

मी संस्कृत हस्तलिखितांवर काम करते. आधी तुमच्या 'शि'बद्दल. मोडीत वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. म्हणजे 'शि' आणि 'शी' कागदावर अगदी एकसारखे दिसणार, अक्षर कितीही वेळ न्याहाळलं तरी उत्तर मिळणार नाही. म्हणून पहिलं काम हे करा: लेकीने वहीत जिथे जिथे 'शिल्लक' असं लिहून घेतलंय तिथे ते खोडून नुसतं 'शि' करू द्या. कागदावर आहे तेवढंच उतरवायचं. आपल्याला वाटतं ते शेजारच्या रकान्यात, वेगळ्या शाईने. ही आमच्याकडची पहिल्या दिवशीची शिकवण आहे, आणि ती पाळायला सगळ्यात अवघड जाते, कारण वाचणाऱ्याचं मन रिकामी जागा आपोआप भरत असतं.

या शिस्तीचं सगळ्यात मोठं काम पुण्यातच झालं. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याचं, काम हाती घेतलं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतची १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. पद्धत अशी की मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या, वर श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत, आणि खाली प्रत्येक हस्तलिखिताची एक ओळ. वेगळं अक्षर असेल तेवढंच त्या चौकटीत भरायचं. असं श्लोकामागून श्लोक. काम पुरं झालं १९६६ साली. सुखटणकर १९४३ मध्येच गेले होते.

व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही कथा आपल्या घराघरात आहे, पण हस्तलिखितांच्या पुराव्यावर ती मूळ संहितेत टिकली नाही. ती परिशिष्टात गेली. हे करणारी माणसं याच समाजातली होती. मला हे शिकताना फार भरून आलं होतं. त्यांनी कथा टाकून दिली नाही, फक्त ती कुठल्या पोथ्यांत आहे आणि कुठल्यांत नाही ते लिहून जिथे तिची जागा होती तिथे ठेवली.

'शि'चा अर्थ अक्षरावरून ठरणार नाही तर संदर्भावरून ठरवा. कुठल्या मालापुढे येतं, कुणाच्या खात्यावर येतं, ओळीत कुठल्या जागी येतं, ते सगळं आधी गोळा करा.

संख्या_आणि_नाणी

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे, थोडंच लिहिते. पायलीचं वाचून दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण झाली. गोव्यात कोसबेंला जन्म, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९४४ साली त्यांनी जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र दिलं, ते आजही त्यांच्या नावाने वापरतात. १९४८ साली त्यांची भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती आली, म्हणजे पाठभेदताई करतात तसलंच काम.

पण नाण्यांचं काम मला सगळ्यात आवडतं. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी तराजूवर एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणून जितकी वर्षं चलनात, तितकं सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. हे खरं आहे का ते तपासायला त्यांनी आधी आपल्या काळातली नाणी तोलली, कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. तिथे नियम बसला, मगच तो जुन्या नाण्यांना लावला. खोडदचे दादा ओळखीचा स्रोत म्हणतात तो हाच.

तुमच्या सपाट आणि शिगोशीग मापांत शिगेचे आकडे जास्त हलले, हे नुसतं लिहून सोडू नका. प्रत्येक वेळचा आकडा जपून ठेवा, सरासरीच्या मागे तो लपवू नका.

वाईकर_मास्तर

'शि'साठी एक कसोटी सुचते. गिऱ्हाइकाच्या खात्यावर सहसा 'बाकी' लिहितात, 'शिल्लक' हा शब्द रोकडीचा. तरी दुकानदार आपल्या सवयीने लिहायचा, म्हणून गृहीत धरू नका. 'शि' म्हणजे शिल्लक असेल तर ती रक्कम त्याच माणसाच्या पुढच्या पानावर 'मागील' म्हणून ओढलेली दिसली पाहिजे. शीग असेल तर पुढे काहीच ओढलेलं नसेल. एका वहीतल्या सगळ्या 'शि' घ्या, प्रत्येकाचं पुढचं पान उघडा. जिथे पुढचं पान वाळवीने खाल्लंय तिथे 'नाही' असं लिहू नका. तुम्हाला ते सांगायला नकोच.

सुलभा_टंकन

मास्तर, तेच केलं. चार रात्री गेल्या. मी पान उलटत होते, ती वाचत होती, भाऊ लिहून घेत होता.

तिसऱ्या खतावणीत 'शि' एकूण ४७ ठिकाणी आहे. चार ठिकाणी पुढचं पानच नाही. ती चार रिकामी ठेवली, शून्य नाही घातलं. उरलेल्या ४३ पैकी ३१ ठिकाणी रक्कम पुढच्या पानावर तंतोतंत ओढलेली आहे. त्यात गूळ, घासलेट, कापड, धान्य सगळं येतं. बारा ठिकाणी पुढे काहीही ओढलेलं नाही, आणि त्या बाराही नोंदी ज्वारी-बाजरीच्या आहेत. त्यांत गूळ किंवा मीठ एकदाही नाही.

पाठभेदताई, एक गोष्ट काल रात्री दिसली. ओढलेल्या ३१ मध्ये 'शि' रकमेच्या उजवीकडे आहे. या बारांत ते मापाच्या रेघांना चिकटून आहे, पाव-अर्ध्याच्या त्या उभ्या रेघा असतात ना, त्यांच्या लगेच पुढे. लेकीने बाराही जागांचे फोटो काढलेत. बाराही नोंदी पाच खात्यांवरच्या आहेत. ती खाती कुणाची ते आम्ही क्रमांकांनीच लिहिलंय, पण सासूबाईंना नावं वाचून दाखवली तेव्हा त्यांनी त्यातली तीन घरं ओळखली. सुगीला ही माणसं आमच्याच शेतात कामाला यायची, असं त्या म्हणाल्या. उरलेल्या दोन घरांची चौकशी करायला आम्ही शनिवारी गावी चाललो आहोत. चौथी खतावणीही सोबत घेणार आहे.